बांडगुळाची वंशावळ

बांडगूळ हा शब्द आमच्या घरांतून वृक्षांपेक्षां माणसांनाच अधिक लावला जातो. एकत्र कुटुंबांत जो बसून खातो, त्याला ही पदवी देतांना कोणी फारसा विचार करीत नाहीं. अमरकोशांत या वनस्पतीला वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा अशीं नांवें आढळतात. वृक्षादनी म्हणजे वृक्षाला खाणारी आणि वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर वाढणारी. एका नांवांत दोष दाखविला आहे, तर दुसऱ्यांत केवळ स्थिति सांगितली आहे. यांतलें अधिक न्याय्य कोणतें, हें ठरविण्यापूर्वीं या वनस्पतीची कुलपरंपरा पाहिली पाहिजे.

आंब्यावरील बांडगुळाचीं पानें हिरवीं असतात. तें आपलें अन्न उन्हांत स्वतःच तयार करतें. पाणी व क्षार मात्र आंब्याच्या फांदींत मूळ रुतवून घेतें. म्हणून शास्त्रज्ञ त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. फुलटोच्या नांवाचा चिमुकला पक्षी त्याचें फळ खातो व चिकट बीं फांदीला पुसून टाकतो. तेथेंच तें रुजतें. त्याला मातीची गरज लागत नाहीं.

आपण देवपूजेसाठीं सहाणेवर जें चंदन उगाळतों, तें याच गणांतलें आहे, हें वाचकांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. चंदनाचीं मुळें जमिनीखालीं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून त्यांच्याकडून पोषण घेतात. परंतु तो व्यवहार मातीआड चालतो, आणि खोड सुगंधी असतें, म्हणून चंदनाला कोणी बांडगूळ म्हणत नाहीं!

या गणांत कांहीं वनस्पति पूर्ण स्वावलंबी आहेत, कांहीं चंदनाप्रमाणें मुळांवर जगणाऱ्या, तर कांहीं फांद्यांवर वस्ती करणाऱ्या आहेत. मुळांकडून फांद्यांकडे जाण्याची ही वाट या गणानें एकदां नव्हे, तर पांच वेळां स्वतंत्रपणें चोखाळली, असें संशोधकांचें मत आहे. आंब्यावरील बांडगुळाच्या कुलांत सुमारें एक हजार जाति आहेत. त्यांपैकीं अद्याप जमिनींत राहून मुळांवर जगणाऱ्या अवघ्या तीन. दोन ऑस्ट्रेलियांत, व तिसरी मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत. हे दूरदूरचे दक्षिणेकडील प्रदेश एके काळीं एकाच महाभूमीचे भाग होते. त्या भूमीचें गोंडवन हें नांव आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून पडलें आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील नुइत्सिया हा या तिघांपैकीं एक. तो वाळूच्या मोकळ्या मुलखांत चांगला वृक्षाएवढा वाढतो, आणि त्याच्या मुळांवरील कडीं शेजाऱ्यांच्या मुळांना वेढून आंतून कापतात.

मोकळ्या मुलखांत जमिनीवरही ऊन मिळतें. दाट वनांत मात्र तें शेंड्यांवरच अडतें. तेथें मातींत पडलेल्या बींच्या नशिबीं अंधार, तर फांदीवर पडलेल्या बींला प्रथमपासून उजेड. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, या कुलाचा विस्तार उष्ण कटिबंधांतील वनांच्या उदयाशीं व गाणाऱ्या पक्ष्यांच्या वाढीशीं जुळतो. वन उंच झालें, पक्षी वर बसूं लागले, आणि हें कुल त्यांच्यामागून वर गेलें. जेथून वन गेलें, तेथून तेंही गेलें. आज बर्फानें झांकलेल्या ग्रीनलंडांत सुमारें चार कोटि वर्षांपूर्वींच्या थरांत या कुलाचे परागकण सांपडले आहेत. न्यूझीलंडांतील एक जाति तर १९५४ नंतर कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं; जंगलतोड हें त्याचें एक कारण होय.

आमच्या वाडींतल्या कलमांवरचें बांडगूळ आम्ही दरवर्षीं काढून टाकतों. त्यावर आमचा पुतण्या विचारतो, “काका, मग कुंपणापलीकडच्या जुन्या झाडांवरचें कां ठेवतां?” त्याला आमचें सांगणें असें कीं, कलमांची बाग एकाच जातीची व माणसानें लावलेली. तेथें एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यास बांडगुळाला आडकाठी नसते, आणि नुकसान आपलें होतें. रानाची गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियांत कांहीं वनखंडांतून बांडगुळें मुद्दाम काढून पाहिलीं. तीन वर्षांनीं तेथील वनावर अवलंबून राहणाऱ्या पक्ष्यांच्या जाति सरासरी एक चतुर्थांशाहून अधिक घटल्या, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. जें केवळ घेतें असें वाटत होतें, तें फळ, मध, निवारा व गळलेल्या पानांचें खत देतही होतें.

म्हणून आमच्या हयातींत त्या जुन्या झाडांवर कोयता चालणार नाहीं. पुढें काय करावें, हें मुलांनीं ठरवावें. परंतु वंशावळ वाचून ठरवावें. घरांतल्या एखाद्या मिळवित्या नसलेल्या माणसाला हें नांव ठेवण्यापूर्वींही त्यांनीं तेवढा विचार केला, तर आम्हांस संतोष वाटेल.