न्हाणीतली वजरी

जुन्नर-आंबेगावात साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, त्यांच्या न्हाणीच्या कोनाड्यात टाचा घासायची वजरी होतीच. कुणाकडे भाजल्या मातीची, कुणाकडे जत्रेत घेतलेली पितळेची. शेजारी शिकेकाईची वाटी.

आमच्या आया-आज्यांच्या पायांना उसंत नव्हती. पश्चिमेला आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाच्या अंगाला आषाढात आवणी सुरू झाली की दिवसभर खाचरात पाय. बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, रात्री त्यांवर मेंदीचा पाला वाटून थापायचा. पूर्वेला ओतूर, नारायणगाव, मंचरकडे कांद्याच्या लागणीत, ढेकळांतून अनवाणी चालणं. दिवाळी सरली, घोड, मीना, कुकडीच्या काठाला थंडी पडली की टाचा उलायच्या. झोपेत पाय हलवला तरी गोधडीचा दोरा भेगेत अडकायचा आणि अंधारात आजीचा कळवळलेला श्वास ऐकू यायचा. आपल्याकडची किती माणसं मुंबईत डबे पोचवायला गेली! चैत्रात जत्रेला गावी आली की त्यांच्याही तळव्यांना हे जाड घट्टे.

मग सवडीच्या दिवशी घमेल्यात कोमट पाणी यायचं. पाय दहा-पंधरा मिनिटं भिजले की टाचेची कातडी फुगून पांढरी व्हायची. त्यावर वजरी हलक्या हातानं फिरली की राखाडी मळी सुटायची. आजी मध्येच हात धरायची, “बास गं, सगळं काढू नको. उद्या रानात जायचंय.”

त्या बोलण्यात मोठं शहाणपण होतं. घट्टा म्हणजे दाब आणि घर्षण सोसण्यासाठी कातडीनंच उभी केलेली ढाल. ती मुळापासून तासली तर खालची नाजूक कातडी उघडी पडते, जखम होते, जंतू शिरतात आणि घर्षण चालूच असेल तर घट्टा परत येतो. म्हणून वरचा खरखरीत थर तेवढा काढायचा, आग व्हायच्या आत थांबायचं. पाय बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करायचे आणि टाचेला एरंडेल, नाहीतर मेण घालून गरम केलेलं गोडेतेल चोळायचं. कोकणातल्या पाहुण्यांनी कोकमाचं तेल आणलं की त्याचा गोळा जपून ठेवला जायचा.

काही उपाय मात्र त्या काळाबरोबरच थांबायला हवेत. कुरुपाला बिब्बा लावायचे, दाढीच्या पात्यानं टाच तासायचे. बिब्ब्याच्या रसानं कातडी भाजते, फोड येतात. पात्यानं खोल जखम होते. घरभर एकच वजरी फिरायची, तीही चूक, कारण बुरशी आणि चामखीळ एकाच्या पायावरून दुसऱ्याच्या पायावर जाते. ज्याची वजरी त्याची, आणि ती धुऊन उन्हात वाळवलेली.

शिवाय आता घरोघरी मधुमेह आलाय. त्यात पाय बधिर होतात, चटका बसला, कातडी सोलली तरी कळत नाही आणि जखम भरायला वेळ लागतो. अशा माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय भिजत घालू नयेत, वजरीला किंवा औषधाच्या दुकानातल्या कॉर्न कॅपला हात लावू नये. भेगेतून रक्त येतंय, पू किंवा सूज आहे, तर मधुमेह नसला तरी घासणं बंद आणि आधी दवाखाना.

आवणीला उभ्या राहिलेल्या त्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. वाकून स्वतःच्या टाचेपर्यंत त्यांचा हात पोचत नाही, आणि मागून घेण्याची त्यांना सवय नाही. तेव्हा आपणच विचारायचं. पाणी आपल्या कोपरानं तपासायचं, तळवा उजेडात धरून कुठं चीर, लाली, फोड आहे का ते बघायचं. धडधाकट पायाला आठवड्यातून एकदा हलकी वजरी पुरते. मलम किंवा व्हॅसलीन रोज रात्री लावावं, पण बेचक्यांत नको. वरून सुती मोजे घालावेत, आणि मलमाच्या पायांनी त्यांना एकट्यांना फरशीवर चालू देऊ नये. ज्यांनी आपल्याला कडेवर घेऊन हे बांध ओलांडले, त्यांचे पाय शेवटपर्यंत चालते राहावेत, ही आता आपली जबाबदारी आहे.