लॅमिंग्टन रोडवरचा लॅपटॉपचा दवाखाना

दोस्तांनो, मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्यांना आपण कुठं कुठं नेतो? गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, चौपाटी. बरोबर ना? पण आज मी तुम्हांला अशा एका रस्त्यावर नेणार आहे, जिथं सहलीची बस कधी थांबत नाही. तरीही तिथून परत येताना तुम्ही काहीतरी नवीन शिकूनच याल. चला तर मग, बसा गाडीत!

गाडी वसईहून निघाली आहे. माझ्या शेजारी माझी भाची बसली आहे. यंदा नववीत आहे. एरवी गाडीत बसली की हिची टकळी सुरू होते. पण आज ती गप्प आहे. छातीशी एक पिशवी घट्ट धरलेली. पिशवीत आजीच्या जुन्या शालीत गुंडाळलेला लॅपटॉप. जणू आजारी मांजराचं पिल्लूच घेऊन चालली आहे!

झालं होतं असं. तिची आई, म्हणजे माझी ताई, घरी बसून दोन-तीन सोसायट्यांचे हिशेब लिहिते. तो सगळा हिशेब या एकाच लॅपटॉपवर असतो. शुक्रवारी संध्याकाळी भाचीनं अभ्यासासाठी तो उघडला, तर पडदा काळा ठिक्कर! घराजवळच्या एका दुकानात दाखवला. त्या माणसानं बटण दाबून पाहिलं आणि लगेच सांगितलं, "स्क्रीन गेली. नवीन टाकावी लागेल. पाच हजार आठशे." महिनाअखेर जवळ आलेली, बिलं काढायची राहिलेली आणि घरात एवढे पैसे नाहीत. ताई तिला एका शब्दानंही बोलली नाही. पण शेवटचा हात आपलाच लागला होता, हे भाचीच्या मनातून जाईना. दोन दिवस ती नीट जेवलीसुद्धा नाही.

म्हणून मग सोमवारी आम्ही निघालो. मुद्दाम सोमवारी, कारण रविवारी हा बाजार बहुतेक बंद असतो. आमची गाडी ग्रँट रोडला थांबणारी नव्हती, म्हणून दादरला उतरून स्लो गाडी पकडली. ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेकडे बाहेर पडलं, की थोडंसं चालल्यावर लागतो तोच लॅमिंग्टन रोड.

या रस्त्याचं आजचं अधिकृत नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. जुनं नाव पडलं ते लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून. १९०३ ते १९०७ या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. तुमच्या आजी-आजोबांना हा रस्ता आठवत असेल तो सिनेमांसाठी. इथल्या मिनर्व्हा थिएटरात १९७५ साली 'शोले' लागला आणि तब्बल पाच वर्षं चालला! आता मात्र इथं यायचं ते इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तूंसाठी. दोन्ही बाजूंना खेटून उभी असलेली दुकानं पाहा. वायरींची भेंडोळी, कॅमेरे, स्पीकर, बॅटऱ्या. छोट्या छोट्या डब्यांत डाळ-तांदळासारखे भरून ठेवलेले सुटे भाग. हातगाडीवाला "बाजू, बाजू!" ओरडत खोकी ढकलत नेतो आहे. जरा सांभाळून चाला हं!

आम्हांला जायचं होतं एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. लाकडी जिना करकरत होता. वर एक लहानशी खोली, लांबलचक टेबल, डोक्यावर दिवा आणि टेबलाशी बसलेले पांढऱ्या केसांचे एक काका. टेबलावर दहा-बारा लॅपटॉप पोटं उघडून पडलेले. मला तर तो दवाखान्यातला वॉर्डच वाटला.

"काका, याची स्क्रीन गेलीय," भाची पडेल आवाजात म्हणाली.

काका हसले. "कोणी सांगितलं? आधी पेशंट तपासू. औषधाचं नंतर बघू."

मित्रांनो, आता पुढं नीट लक्ष द्या. काकांनी हातात स्क्रूड्रायव्हर घेतलाच नाही. त्यांनी लॅपटॉप सुरू केला आणि नुसता कान लावला. आतला पंखा फिरत होता. बटणाजवळचा दिवा लागला होता. मग त्यांनी कॅप्स लॉकचं बटण दोनदा दाबलं. त्याचा दिवा लागला आणि विझला. "म्हणजे मशीन जिवंत आहे, शुद्धीवर आहे. फक्त तोंड दाखवत नाही," काका म्हणाले.

मग त्यांनी खोलीतला दिवा मालवला आणि मोबाइलची बॅटरी काळ्या पडद्यावर तिरकी धरली. "ये, जवळून बघ."

भाची वाकली. आणि एकदम ओरडली, "मामा! माझी मनी!"

खरंच! तिनं पडद्यावर लावलेला आपल्या मांजरीचा फोटो त्या काळोखात पुसट, अगदी पुसट दिसत होता. दोन कान, मिशा, सगळं जागच्या जागी!

तुम्ही म्हणाल, ही काय जादू? जादूबिदू काही नाही. लॅपटॉपच्या पडद्यात दोन वेगळी कामं चालतात. एक चित्र काढण्याचं आणि दुसरं उजेड देण्याचं. चित्र काढणारा जो थर असतो, त्याला स्वतःचा उजेड नसतो. त्यात असतात लाखो इवल्या इवल्या खिडक्या. आमच्या लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा. करा पाहू गुणाकार! १०,४९,०८८ ठिपके. आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन खिडक्या. म्हणजे झाल्या एकतीस लाखांहून जास्त! या खिडक्या उघडण्या-मिटण्याचं काम करतात द्रवस्फटिक, म्हणजेच लिक्विड क्रिस्टल. विजेच्या इशाऱ्यावर ते आपली दिशा बदलतात आणि उजेड कमीजास्त सोडतात.

या द्रवस्फटिकांचा शोध लागला तो, सांगितलं तर खोटं वाटेल, गाजरामुळं! १८८८ साली फ्रीडरिश रायनित्सर नावाचे ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या एका पदार्थाचा अभ्यास करत होते. त्यापासून बनवलेलं एक संयुग त्यांनी तापवलं. १४५ अंशांच्या सुमाराला ते वितळलं, पण गढूळच राहिलं. आणखी तापवलं तेव्हा १७८ अंशांच्या आसपास ते एकदम स्वच्छ झालं. एकाच पदार्थाला वितळण्याचे दोन बिंदू! त्या मधल्या गढूळ अवस्थेचं नाव पुढं पडलं द्रवस्फटिक.

असो. तर अशा या खिडक्यांच्या मागं उजेड लागतो. आजकालच्या लॅपटॉपमध्ये पडद्याच्या कडेला, बहुधा खालच्या बाजूला, बारीक एलईडी दिव्यांची पट्टी असते. तिचा उजेड एका पारदर्शक फळीतून सगळीकडं पसरतो. आमच्या लॅपटॉपमध्ये खिडक्या शाबूत होत्या. मागचा दिवाच लागत नव्हता. काळोख्या खोलीतल्या भिंतीवर चित्र टांगलेलं असावं, तसं झालं होतं!

"पण दिवा का लागत नाही?" भाचीनं विचारलं. तिच्या आवाजात आता थोडा जीव आला होता.

"शाब्बास! हाच खरा प्रश्न," काका म्हणाले. त्यांनी एचडीएमआयच्या वायरनं लॅपटॉप टेबलावरच्या मॉनिटरला जोडला. मनी झक्कपैकी मोठी होऊन दिसली! "हे बघ, बाहेरच्या पडद्यावर चित्र चांगलं, म्हणजे आतला चित्र तयार करणारा भाग ठणठणीत. बाहेरही रेघा किंवा वेडेवाकडे रंग दिसले असते, तर दुखणं आत आहे असं समजलो असतो. आता पहिलं काम कर. आईचे सगळे हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घे."

मुलांनो, हे लक्षात ठेवा बरं का! पडदा काळा पडला म्हणजे आतलं सगळं गेलं असं नाही. घरच्या टीव्हीला एचडीएमआयची जागा असेल, तर तिथंही जोडून पाहता येतं. कधी कधी तर दुखणंच नसतं. काकांनी एक गंमत सांगितली. एका गिऱ्हाइकाचा पडदा टाईप करता करताच बंद पडायचा. दोष निघाला त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यातल्या चुंबकाचा! झाकण मिटलं की नाही, हे बऱ्याच लॅपटॉपना झाकणातल्या चुंबकावरून कळतं. पट्ट्याचं चुंबक जवळ आलं, की लॅपटॉपला वाटायचं झाकण मिटलं!

मग काकांनी झाकण अगदी हळूहळू मागं-पुढं केलं. निम्म्यावर आलं आणि पडद्यात लख्खकन उजेड चमकला, पुन्हा विझला. पुन्हा तिथंच आणलं, पुन्हा चमकला. काकांनी दिवा लावला. "सापडलं! स्क्रीन चांगली आहे. बिजागरीतून जाणारी केबल तुटत आलीय."

आता कुठं त्यांनी हत्यारं काढली. आधी लॅपटॉप बंद. मग चार्जर काढला. मग तळाचं झाकण उघडून आतल्या बॅटरीचं कनेक्शन सोडवलं. "वीज चालू असताना ही केबल काढली-घातली, तर दिव्याचा फ्यूज उडू शकतो. मग हजाराचं काम पाच हजारांवर जातं," काका म्हणाले. पडद्याभोवतीची चौकट त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं नाही, तर एका जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं उचलली, म्हणजे ओरखडा पडत नाही. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या चित्रात जागच्या जागी ठेवला. पडदा पुढं वाकवून मऊ फडक्यावर निजवला. त्याच्या पाठीवरची चिकटपट्टी सोडवून केबलचं टोक अलगद सरकवलं.

केबल म्हणजे केसांसारख्या बारीक तारांची जुडी. ती पडद्यापासून बिजागरीतून वळत खाली मुख्य बोर्डापर्यंत जाते. झाकण उघडलं-मिटलं की दर वेळी ती वाकते. बिजागरीच्या जागी तिचं वरचं आवरण घासून दोन तारा उघड्या पडल्या होत्या. काकांनी भिंगातून दाखवल्या. दिव्याला वीज पोचवणाऱ्याच त्या तारा!

त्याच मॉडेलची केबल आणायला दुकानातला मुलगा खाली धावला. तेवढ्यात भाचीनं मनात सलणारा प्रश्न विचारूनच टाकला, "काका, माझ्यामुळं तुटली का ती?"

काकांनी उत्तर दिलं नाही. शेजारचा एक मिटलेला लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला. "उघड." तिनं उजव्या कोपऱ्याला धरून झाकण उचललं. मिटून त्यांनी तो माझ्याकडं सरकवला. "आता तुम्ही उघडा, साहेब." मी उघडला. उजव्या कोपऱ्याला धरूनच!

"आणि घरी आई?"

"आईपण अशीच उघडते!" भाची म्हणाली आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली.

"मग एकटी तू कशाला रडतेस? एका कोपऱ्यानं उचललं की झाकण पिळतं. ताण एकाच बिजागरीवर येतो. सगळ्यांनी मिळून थोडं थोडं झिजवलं. तुटलं तेव्हा हात तुझा होता, एवढंच. आता मधोमध धरून उघडायचं. आईलाही सांग आणि मामालाही!"

मी गुपचूप मान डोलावली. काय करणार!

नवी केबल बसली. चौकट लावण्याआधीच काकांनी बॅटरी जोडून लॅपटॉप सुरू केला. झाकण दहा वेळा मागं-पुढं करून पाहिलं. मनी एकदाही गायब झाली नाही. मग चौकट टकटक आवाज करत बसली. बिल झालं अकराशे रुपये. भाचीनं तिथूनच आईला फोन लावला. "आई, स्क्रीन गेलीच नव्हती!" एवढंच बोलली आणि तिचा गळा दाटून आला.

दोस्तांनो, घरातला लॅपटॉप बिघडला, तर तुम्ही लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका हं! आत बॅटरी असते. फार जुन्या लॅपटॉपमध्ये तर एलईडीऐवजी बारीक ट्यूब असते. तिला शेकडो व्होल्टचा दाब लागतो आणि तिच्यात पाराही असतो. उघडण्याचं काम जाणकारानंच करावं. पण ऐकणं, बॅटरीच्या उजेडात पाहणं, बाहेरच्या पडद्याला जोडणं, झाकण हळूच हलवणं या चार गोष्टी तुम्हीही करू शकता. त्यांना एक पैसाही लागत नाही. दुकानात गेलात, तर "काय बिघडलंय ते आधी दाखवा" असं नम्रपणे म्हणायला मुळीच लाजू नका. चांगला पडदा उगाच फेकला, तर पैसे जातातच, शिवाय कचऱ्यात भर पडते ती वेगळीच.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. भाचीची टकळी पुन्हा सुरू झाली होती. काकांनी दिलेला जुन्या केबलचा तुकडा तिनं कंपासपेटीत ठेवला आहे. वर्गातल्या मैत्रिणींना दाखवायला!

बरं, एक सांगा. तुमच्या घरी लॅपटॉप असेल तर तो कसा उघडता? कोपऱ्याला धरून की मधोमध? आज घरातल्या प्रत्येकाला उघडायला सांगा आणि नीट पाहा. मी तर पैज लावतो, एखादा मामा नक्की सापडेल!