कुलवृत्तांत आणि संगणकाची चौकट

नवी वस्तु घरांत येतांना वडील मंडळींस शंका येते आणि जुनी वस्तु पाहून तरुणांस कंटाळा येतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील नेवाशाच्या आमच्या घरीं हा वाद गेल्या वर्षीं संगणकावरून झाला. आमचा कुलवृत्तांत ‘ग्रॅम्प्स’ नांवाच्या प्रोग्रॅममध्यें ठेविलेला आहे. सासरीं गेलेल्या मुलींचीं नांवें, अकालीं गेलेलीं मुलें, यांतील पुष्कळशी माहिती केवळ आजींच्या तोंडची. ती दुसऱ्या कोणत्याही कागदावर नाहीं. संगणक मात्र थकला होता. तो बदलणें भागच होतें.

येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पडद्यावरील खिडक्या, बटणें व याद्या प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः घडवीत नाहीं. सुतारानें तयार चौकटी आणाव्या, तसा तो ‘टूलकिट’ नांवाचा तयार संच वापरतो. ग्रॅम्प्सचा संच जीटीके. जीटीके २ हा २००२ सालीं, जीटीके ३ हा २०११ सालीं व जीटीके ४ हा २०२० च्या डिसेंबरांत निघाला. आणि चौथा येतांच दुसऱ्याची देखभाल थांबली. चौकटीचें माप बदललें कीं जुनें दार बसत नाहीं. दोन संच एका यंत्रावर शेजारीं नांदतात, परंतु एकाच प्रोग्रॅमच्या पोटांत नांदत नाहींत. म्हणून २०१३ मध्यें ग्रॅम्प्स ४.० जीटीके ३ वर नेण्यांत आला. आमची प्रत त्याहून जुनी होती.

आजी म्हणाल्या, “जुनें तेंच राहूं द्या.” तरुण म्हणाले, “नवें घालून मोकळे व्हा.” दोघांचेंही म्हणणें अर्धेंच खरें. जीटीके २ बरोबर ‘पँगो’ हा अक्षरें जुळविणारा भाग आला, म्हणूनच त्यांत जोडाक्षरें नीट उमटूं लागलीं. तेव्हां नवें टाकाऊ नव्हे. पण पारखल्यावांचून घेण्याजोगेंही नव्हे.

आम्ही प्रथम सर्व माहितीची एक्सएमएल प्रत काढून वेगळी ठेविली. कारण नव्या आवृत्तीनें एकदां रूपांतर केलेला वंशवृक्ष जुनीस उघडतां येत नाहीं. मग दोन्ही यंत्रें शेजारीं मांडलीं. माणसांची संख्या ताडली, जन्मतिथि ताडल्या. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द मुद्दाम लिहून पाहिले. तेथें रफार चुकला तर विद्वान गुरुजी थेट स्वयंपाकघरांत जावयाचे! आजींसाठीं अक्षरें मोठीं केलीं, तों लहान पडद्यावर खालचें बटण बाहेर गेलें. तेंही टिपून ठेविलें. शेवटीं चार पानें छापून त्यांच्याकडून वाचवून घेतलीं.

ही रीत आमच्या मुलखास नवी नाहीं. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी याच नेवाशास सांगितली गेली, अशी परंपरा आहे. पुढें नकलांतून पाठ बिघडले, तेव्हां एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. जुनी प्रत त्यांनीं पूज्य म्हणून डोळे मिटून स्वीकारली नाहीं, कीं जुनी म्हणून टाकलीही नाहीं.

ग्रॅम्प्सची २०२५ सालची ६.० ही आवृत्तिही जीटीके ३ वरच उभी आहे. म्हणजे आणखी एक स्थलांतर पुढें आहेच. तें कदाचित् आमचीं नातवंडें करतील. त्यांनीं चौकट खुशाल बदलावी. मात्र तत्पूर्वीं कोणत्याही चौकटीवर न विसंबणारी एक प्रत काढून ठेवावी. प्रोग्रॅम पुन्हां मिळेल; आजींच्या आठवणी पुन्हां कोण सांगणार?