विटांच्या स्टम्पा

आज संध्याकाळी बेसा चौकातून घरी येताना लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटपाशी थांबलो. चार विटा एकावर एक रचून पोरांनी स्टम्पा केल्या होत्या. बॉल नालीत गेला की एकजण काडीने तो बाहेर काढी, गवतावर पुसे आणि पुन्हा खेळ सुरू. पुढच्या दिवाळीपर्यंत इथेही फ्लॅटस्कीम उभी राहील. मागच्या दोन वर्षांत या पोरांनी तीन जागा बदलल्या, मी पाहिलंय.

घरी आल्यावर या पोरांवरून विजय बारसे सर आठवले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे तेव्हाचे क्रीडाशिक्षक. भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांनी पाहिली, हातात फुटबॉल दिला, आणि 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. त्यातूनच पुढे मुलं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. सुरुवात एका बॉलची होती. बॉल देऊन सर थांबले नाहीत, हे मला त्याहून मोठं वाटतं.

आपलं बेसा-पिपळा आता नगरपंचायत आहे. रस्ते, नाल्या, पाणी हवंच. त्यावर आपण भांडतोही. पण पोरांच्या मैदानासाठी निवेदन घेऊन जाताना मी कुणाला पाहिलं नाही. मीही गेलो नाही, याची खंत आहे.

आपल्या लेआउटचा मंजूर नकाशा एकदा काढून बघा. त्यात खुली जागा दाखवलेली असते. ती कुठे आहे, तिथे आज काय उभं आहे, ते पाहा. या रविवारी मी ती जागा पाहायला जाणार आहे. शेजाऱ्यांनो, सोबत या.