आकडा कुठून आला?

पुढाऱ्यांच्या भाषणातले दावे तपासणं हे माझं काम. ‘किती खोटं बोलतात हो ही माणसं?’ असं लोक विचारतात. पण धादांत खोटा आकडा फार क्वचित सापडतो. बहुतेक वेळा आकडा खरा असतो, सरकारी कागदावर छापलेलाही असतो. त्याच्या जोरावर जे सांगितलं जातं, ते मात्र त्यात नसतं.

सिंचनाचंच घ्या. दहा वर्षांत राज्यातल्या सिंचित क्षेत्राचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्यानं वाढलं, असं २०११-१२च्या आर्थिक पाहणीतून पुढे आलं. त्या काळात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याचं बोललं जात होतं, गदारोळ झाला. सप्टेंबर २०१२मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरच्या अखेरीस सरकारची श्वेतपत्रिका आली आणि तिच्यात वाढ कितीतरी मोठी होती. दोन्ही बाजू आपापला सरकारी कागद उंचावून दाखवत होत्या.

अशा वेळी आकडा कोणी मोजला आणि कशासाठी, हे आधी शोधावं लागतं. धरण झालं, कालवा झाला, की जलसंपदा खातं ‘निर्मित सिंचन क्षमता’ धरतं: लाभक्षेत्रातले इतके हेक्टर भिजू शकतात. चाऱ्या अर्धवट असोत, कालव्याच्या टेलच्या गावाला पाणी पोचत नसो, क्षमता कागदावर उभी राहते. प्रत्यक्ष ओलित वेगळ्या वाटेनं कळतं. सातबाऱ्यावर, गाव नमुना बारामध्ये, तेव्हा तलाठी पिकापुढे जलसिंचित की अजलसिंचित ते नोंदवत असे, आणि त्यात शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं खोदलेल्या विहिरीचं ओलितही येई. ही नोंदही डोळे झाकून घेऊ नये. पीक पाहणी बांधावर न जाता झाली असेल, तर ०.१ टक्क्यावरही प्रश्नचिन्ह लावलंच पाहिजे. ज्यांना तो आकडा आवडला होता, त्यांना हे ऐकायचं नव्हतं.

म्हणून मी भाषणाचं रेकॉर्डिंग ऐकून वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतो. ‘इतक्या हेक्टरची क्षमता निर्माण केली’ असं मंत्री म्हणाले असतील, तर जलसंपदाचा आकडा पुरतो. ‘इतकी जमीन ओलिताखाली आणली’ म्हणाले, तर नाही पुरत.

गुंतवणुकीचंही तसंच. फेब्रुवारी २०१८च्या ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’मध्ये सुमारे १२ लाख कोटींचे सामंजस्य करार झाले, करार म्हणजे उभा राहिलेला कारखाना नव्हे. परकीय गुंतवणुकीचे राज्यवार आकडे तर केंद्र ऑक्टोबर २०१९पासूनच देतं. त्याआधी रिझर्व्ह बँकेच्या मुंबई कार्यालयाच्या नावावर महाराष्ट्रासोबत दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही मोजले जात. आधीचं सरकार आणि आताचं सरकार अशी सरळ तुलना करणाऱ्याला मी हे सांगतो, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. आणि दावा खरा निघाला, तर तोही तेवढ्याच ठळकपणे छापावा असा माझा आग्रह असतो.

मला खरा राग येतो तो रिकाम्या रकान्याचा. सिंचनाच्या त्या वादानंतर अनेक वर्षं आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राच्या जागी ‘उपलब्ध नाही’ एवढंच येत राहिलं. ज्या आकड्यानं सरकार हललं, तोच नाहीसा झाला! त्यानंतर सिंचनाबद्दल कुणी काहीही म्हणावं. अशा दाव्यावर मी खरं-खोटं असा शिक्का मारत नाही. ‘पडताळता येत नाही’ असं लिहितो, आणि कुठला आकडा मिळत नाही म्हणून, तेही लिहितो. संपादकांना असा निकाल बेचव वाटतो. पण टेलला ज्याची जमीन आहे, जी लाभक्षेत्रात असल्यामुळे कागदावर भिजते आणि प्रत्यक्षात कोरडी राहते, त्या शेतकऱ्याच्या बाजूनं बोलणारा दुसरा कागदच उरलेला नाही. त्यामुळे बातमी छापून झाल्यावरही मी माहिती अधिकाराचे अर्ज टाकत राहतो: तालुकावार प्रत्यक्ष ओलित किती, ते कोणत्या पाण्यावर, मोजलं कोणी. उत्तर आलं, की त्या तालुक्यातली शेवटची चारी बघायला जातो.