ताई, नर्सिंग ऑनलाइन होते का गं?

माझी मावसबहीण पुसदला एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. जीएनएम झालेली, कौन्सिलला रीतसर नोंदणी असलेली, सात वर्षं वॉर्डात काढलेली. पगार अकरा हजार. गेल्या वर्षी एका रात्री अकराला तिचा फोन आला. ड्युटीवरच होती, मागे सलाइन बदला म्हणून कुणीतरी ओरडत होतं. ती म्हणाली, "ताई, बीएस्सी नर्सिंग ऑनलाइन होते म्हणे. नोकरी सोडायची गरज नाही. पंच्याऐंशी हजार फी, आधी दहा भरायचे. भरू का?"

मी म्हटलं, "भर."

हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे.

मी "भर" का म्हटलं? कारण मी स्वतः समाजशास्त्रात एमए केलं ते नोकरी करता करता, इग्नूतून. दिवसभर वस्त्यांमध्ये सर्व्हे आणि रात्री पुस्तकं. माझ्यासारख्या शेतमजुराच्या मुलीला दूरस्थ शिक्षण नसतं तर एमए झालंच नसतं. त्यामुळे घरबसल्या मिळणारी प्रत्येक पदवी मला आपल्या लोकांसाठी उघडलेलं दार वाटायची. कॉलेजात बसूनच शिकायला हवं असं कुणी म्हटलं की मी भांडायची.

दहा हजार गेले. पावती नाही, व्हॉट्सॲपवर एक मेसेज फक्त. आठवड्याभराने एका सरकारी रुग्णालयातल्या इन्चार्ज सिस्टरकडे मी सहज विषय काढला. त्या बाईंनी एकच विचारलं, "ही पदवी कौन्सिलला चढणार का?" मी हाच प्रश्न एजंटला विचारला, तर तो म्हणाला, "मॅडम, ते आम्ही बघतो, तुम्ही फक्त परीक्षेला या." दुसऱ्यांदा विचारल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं.

मग मी वाचायला बसले. खरं तर हे "भर" म्हणायच्या आधी करायला हवं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२० ची दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाची नियमावली आहे. त्या पद्धतीने जे विषय शिकवायला मनाई आहे त्यांच्या यादीत इंजिनिअरिंग, वैद्यक, फार्मसी यांच्यासोबत नर्सिंगही आहे. समाजशास्त्राच्या पदवीला कुठल्या कौन्सिलची नोंदणी लागत नाही. नर्सच्या पदवीला लागते, आणि कौन्सिल ती मानत नसेल तर त्या कागदाचा उपयोग शून्य. एवढा साधा फरक एमए झालेल्या बाईच्या डोक्यात आला नाही.

मोबाइलवर ज्या जाहिराती फिरतात त्यांतला "ऑनलाइन बीएसएन" हा शब्द अमेरिकेतून आलाय. तिथे तो अभ्यासक्रम खराच आहे, पण मुख्यतः आधीच परवाना असलेल्या नर्ससाठी. सुई टोचायला, रुग्ण उचलायला शिकून झालेलं असतं, वरचं शिक्षण तेवढं ऑनलाइन. आपल्याकडचे दलाल तो शब्द उचलतात आणि बारावी झालेल्या पोरीलाही विकतात.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा एक रस्ता आहे. नोकरीत असलेल्या, नोंदणी झालेल्या परिचारिकांसाठी इग्नूचा पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. किमान तीन वर्षांचा. प्रवेश परीक्षा द्यावी लागते, केंद्रावर जाऊन प्रात्यक्षिकं करावी लागतात. बारावीनंतर जीएनएम केलेलीला नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो. बाकी सगळीकडे पोस्ट बेसिक म्हणजे दोन वर्षं पूर्णवेळ, म्हणजे नोकरीवर पाणी.

आता पदवी हवीच कशाला, असं आपलेच काही कार्यकर्ते विचारतात. "नोकरी आहे ना पोरीला?" आपल्या वस्तीतल्या मुली जीएनएमला का जातात ते बघा. बारावी आर्ट्स झालेली मुलगी जीएनएम करू शकते. बीएस्सी नर्सिंगला सायन्स लागतं, जीवशास्त्र लागतं. तालुक्याच्या शाळेत सायन्सची तुकडी नसेल किंवा ट्यूशनला पैसे नसतील, तर सोळाव्या वर्षीच तिची पायरी ठरून जाते. पुढे एमएस्सी करायचं, नर्सिंग कॉलेजात शिकवायचं, तर मधली पदवी लागतेच. मी ज्या दवाखान्यांत जाते तिथे बेडपॅन उचलणारे हात बहुतेक आपले दिसतात आणि खुर्चीत सही करणारे बहुतेक दुसऱ्यांचे. हा माझा अनुभव आहे, आकडेवारी म्हणून सांगत नाही.

बाबासाहेबांनी १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि मग लंडनला परत गेले, हे आपण भाषणात सांगतो. पण १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांना यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कष्टकऱ्याच्या घड्याळाप्रमाणे कॉलेजची वेळ बदलली, शिक्षण पातळ केलं नाही. नर्सिंगमध्ये हे का होऊ नये? थिअरी संध्याकाळी, आणि क्लिनिकल ती जिथे राबते त्याच किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात, तपासणीखाली. ऑनलाइनला मनाई योग्यच आहे. रुग्णाचा जीव आहे, आणि तो रुग्णही बहुतेक वेळा आपलाच असतो. पण मनाई करून सरकारने हात झटकले तर उरलेल्या जागेत दलाल येणारच. आपल्या संघटनांनी मागणी करायची तर ही करावी. शिष्यवृत्तीची निवेदनं आपण देतोच, पण त्या योजनांत पूर्णवेळ विद्यार्थीच डोळ्यासमोर असतो. अकरा हजारांत घर चालवणारी नर्स त्यात कुठे बसते?

दहा हजार मी तिला हप्त्याने परत देतेय. ती नको म्हणते, "ताई, तू काय चोर आहेस का?" पण सल्ला माझा होता.

इग्नूची प्रवेश परीक्षा द्यायचं तिने ठरवलंय. नाइटला दोन वाजता वॉर्ड शांत झाला की वाचते. केंद्र आमच्या गावात नाही, एसटीच्या वेळा मी लिहून काढल्यात. खरी अडचण वेगळीच निघाली. अनुभवाचा दाखला. सात वर्षं तिला पगार हातात, रोख मिळालाय, हजेरीपुस्तकात नाव आहे की नाही तेही माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, "दाखला कशाला? सोडून जायचंय का?" कागदावर दाखवलं तर किमान वेतन आणि पीएफचा प्रश्न येतो, हे त्यांना नीट कळतं.

तिने ड्युटीचे जुने चार्ट, रुग्णांच्या नोटवरच्या स्वतःच्या सह्यांचे फोटो जमवायला सुरुवात केलीय. सोबतच्या आणखी तिघी नर्सनाही दाखला हवाय, असं परवा कळलं. सोमवारी चौघी मिळून लेखी अर्ज देणार आहेत. पोच घ्यायला मी सोबत जाणार आहे.