पोच आणि पत्र

आपल्या मराठी मासिकांत शेवटच्या पानांवर एक छोटी चौकट असते, ‘साभार पोच’. आलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. बस्स. पुस्तक कसं आहे याबद्दल अवाक्षर नाही. ते सांगायला ‘परीक्षण’ हे सदर वेगळं. पुस्तक मिळालं हे एका जागी, वाचून काय वाटलं ते दुसऱ्या जागी.

मला मात्र ही शिस्त पाळता आली नाही. निवृत्तीनंतर व्याकरणावर एक छोटं पुस्तक स्वखर्चाने छापलं. एका फाइलवर ‘प्रतिसाद’ असं लिहिलं आणि येईल तो कागद तिला लावत गेलो. वाचनालयाची पोच, कुणाच्या लेखात पुस्तकाचा उल्लेख आला त्याचं कात्रण, कुठल्या सूचीतली नोंद... आकडा 43 वर गेला. घरी येईल त्याला मी तो कौतुकाने सांगायचो.

परवा ती फाइल सोडून दोन गठ्ठे केले. पोच आणि उल्लेख मिळून 38. मला उद्देशून लिहिलेली पत्रं फक्त 5! त्यातलं एक जुन्या विद्यार्थ्याचं. “सर, ‘लंबोदर’ तुम्ही कर्मधारयात घातलाय. तो बहुव्रीही ना? मुलीला शिकवताना अडलो, कळवाल का?” तारीख चार वर्षांपूर्वीची. चूक माझीच होती.

उल्लेखांचा आकडा तसाही फसवा. आणीबाणीतला 1976 चा जबलपूर खटल्याचा निकाल घ्या. पुढे त्याचा उल्लेख कितीदा तरी झाला, पण बहुधा टीका करायलाच. त्या बहुमतात न्या. य. वि. चंद्रचूड होते, आणि 2017 मध्ये तो निकाल चुकीचा ठरवून रद्द करणाऱ्या घटनापीठात त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड. नुसते उल्लेख मोजले तर तो निकाल थोर ठरेल!

उल्लेखाला किंमत नाही असं नाही. आपलं लिहिलेलं कुठवर पोचलं ते त्यातून कळतं. पण तो आपल्याकडे काही मागत नाही. पत्र उत्तर मागतं. दोन्ही एकाच आकड्यात घातली की आकडा फुगतो आणि उत्तर राहून जातं.

काल त्याला पत्र टाकलं, माफी मागून. आता फाइली दोन आहेत. त्याची मुलगी एव्हाना समासाच्या बरीच पुढे गेली असेल म्हणा.

असो.